सातवं घर

शेवटच्या थांब्यावर ट्रॉलीबस अकरा मिनिटं उभी असते.
विल्मान्ते हातमोजा दातांनी ओढून काढते,
फक्त उजवा,
आणि फोनवर ते यंत्र उघडते
जे यंत्र नाही.

चार कोपऱ्यांत चार स्क्रू. चितारलेले.
कुठलाही पेचकस त्यांना लागायचा नाही.
बटणांखाली सावली आहे,
उजेड कुठला ते कुणी सांगत नाही.
कडेचा रंग जरा उडालाय, तोही मुद्दाम,
कुणीतरी महिन्याचा पगार घेऊन उडवलेला.
दोन कॉफींच्या पैशांत
एवढं सगळं.

खरं होतं ते झीद्रूनसचं.
कॅल्क्युलेटरएवढं, पाठ उघडी,
डाग दिलेले सांधे बोटाला टोचायचे.
आवाज इतका बारीक
की फ्रिज दमून गप्प झाला
की मगच ठेका ऐकू यायचा.
तो मान हलवायचा. ती भांडी विसळायची,
आणि चमचे नकळत समेवर पडायचे.

एकदा तिच्या हातून चहा सांडला.
सातवं बटण तेव्हापासून मेलं.
तो काही बोलला नाही.
सातवी मात्रा ओलांडून वाजवायला शिकला,
अंधारात मोडकी पायरी ओलांडतो तसा.

मग तो नॉर्वेला गेला, मासळीच्या कारखान्यात,
आणि त्या हिवाळ्यात हीटिंगचं बिल आलं
ते दोनदा वाचूनही तेवढंच राहिलं.
स्टेशनच्या आडोशाला एका चष्मेवाल्या पोराला
तिनं ते विकलं.
सातव्याचं सांगितलं नाही.
पोरानं दाबून पाहिलं,
दहा युरो कापले.

त्यानं कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.
अळीमिळी गुपचिळी,
समुद्राच्या दोन बाजूंना.

आता ओलेसुंदहून रात्रपाळी संपली
की त्याचा ठेका येतो.
कशी आहेस नाही, जेवलीस का नाही,
नुसती सोळा घरं.
ती त्यांत टाळी भरते, घुमारा कमी करते, परत पाठवते.
तो पुढचं भरतो.
आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा असंच झालं:
त्यानं खालचा सूर काढून टाकला,
तिनं तो काढलेलाच राहू दिला.

पण सातवं घर काळं.
दर वेळी.
इथं चहा मुरत नाही, गंज चढत नाही,
काचेखाली मरण्यासारखं काही नाहीच,
तरी पंधरा दिवे आणि एक बोगदा.
अंगठ्याची सवय असेल.
किंवा टोमणा.
किंवा तो अजून त्याच टेबलाशी बसलाय
आणि फ्रिज बंद पडायची वाट बघतोय.

आज, अकरातली नऊ मिनिटं गेल्यावर,
तिनं सातव्यावर बोट ठेवलं.
पेटलं की.
एवढंच होतं.
कपाच्या कडेला चमचा लागावा तसा आवाज,
कोरडा,
आणि ठेक्याची सगळी चाल बदलली,
लंगडणारा माणूस अचानक सरळ चालू लागला
की ओळखीचा वाटेनासा होतो, तशी.
तिनं पाठवून दिलं, काढून टाकायच्या आत.

दारावर काठी वाजली.
पुलापलीकडे जाते का ही?
जाते, काका, चढा.
हातमोजा. ब्रेक. छपरावरच्या दांड्यांनी तारेवर
निळी ठिणगी सांडली
आणि गाडी उतारानं निघाली.

तिसऱ्या थांब्यावर खिसा एकदा थरथरला.
तिनं नाही पाहिलं.
बर्फाचं पाणी पुसत वायपर
आपलाच दोन मात्रांचा हट्ट चालवत होता.

दुसऱ्या टोकाला सहा मिनिटं मिळतात.
तिनं उघडलं.
त्यानं सगळं पुसलं होतं,
घुमारा, टाळी, वर्षभराची भर,
पंधराच्या पंधरा घरं मोकळी
आणि सातवं तेवढं पेटलेलं.

तिनं ते लावून आसनावर ठेवलं.
बराच वेळ काही नाही.
मग टक्.
मग परत बराच वेळ काही नाही.

ह्याचा अर्थ तिला लागला असं नाही.
मागच्या गाडीनं हॉर्न दिला.